बग सापडला, पण पोचला का? वेगाने चालणाऱ्या टीममधल्या टेस्टरसाठी सविस्तर मार्गदर्शन

काही वर्षांपूर्वी रिलीजच्या तीन दिवस आधी मला एक बग दिसला. अपॉइंटमेंटची वेळ बदलली की नवी वेळ मिळायची, पण जुनी वेळ मोकळी व्हायची नाही. एकाच माणसाच्या नावावर दोन वेळा अडकून राहायच्या. मी लगेच टीमच्या चॅटवर लिहिलं, "रीशेड्यूलमध्ये गडबड दिसतेय, कोणीतरी बघा." दोघांनी अंगठ्याचं चिन्ह टाकलं, मीही पुढच्या कामाला लागले. दुपारपर्यंत तो मेसेज पार वर निघून गेला होता. रिलीज झालं आणि तो बग थेट वापरणाऱ्यांपर्यंत गेला. नंतरच्या मीटिंगमध्ये मी तो मेसेज शोधून दाखवला, पण त्याने कोणाचंच समाधान झालं नाही, माझंही नाही. त्यात कोणाचं नाव नव्हतं, बिल्ड (ॲपची नेमकी आवृत्ती) नव्हता, आणि लोकांना काय त्रास होणार आहे याचा एक शब्दही नव्हता.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून चालते. बग दिसला म्हणजे काम अर्धं झालं. तो सोडवणाऱ्याच्या हातात पडला आणि निर्णय घेणाऱ्याला कळला, की मग ते पुरं झालं. जिथे दिवसाला तीन-चार बिल्ड निघतात आणि दोन आठवड्यांत स्प्रिंट (ठरवून घेतलेल्या कामाची एक फेरी) संपतो, तिथे हे दुसरं अर्धं काम आपोआप होत नाही. ते कसं करायचं ते इथे क्रमाने मांडते आहे.

## सांगण्याआधीची पंधरा मिनिटं

बग दिसला की लगेच लिहायला घ्यावंसं वाटतं. आधी तोच प्रकार पुन्हा करून बघा, आणि या वेळी काय काय केलं ते टिपत जा. पुन्हा घडला तर एका वेळी एकच गोष्ट बदला: दुसरं लॉगिन, दुसरा ब्राउझर, दुसरा फोन, कालचा बिल्ड. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळणार नाही. कालच्या बिल्डवर तो घडत नसेल तर ही माहिती सोन्यासारखी आहे, कारण मग डेव्हलपरला फक्त मधल्या काळातले कमिट (कोडमध्ये केलेले बदल) चाळावे लागतात.

मग पायऱ्या कमी करत जा. नऊ पायऱ्यांनी दिसलेला बग चार पायऱ्यांत दिसतो का? बहुतेक वेळा दिसतो. जी पायरी गाळल्यावर बग नाहीसा होतो, तिच्या आसपासच कारण दडलेलं असतं. एवढं झालं की हा बग आधी कोणी नोंदवला आहे का ते शोधा. असेल तर नवं तिकीट (बगची लेखी नोंद) काढू नका, तुमच्याकडची नवी माहिती जुन्याच तिकिटावर लिहा.

या शोधाला मर्यादा मात्र हवी. मी स्वतःला पंधरा-वीस मिनिटं देते. तेवढ्यात माग लागला नाही तर हाती आहे तेवढं नोंदवते. आणि डेटा नष्ट होत असेल, कोणालाच लॉगिन करता येत नसेल, किंवा एकाची माहिती दुसऱ्याला दिसत असेल, तर पंधरा मिनिटंही थांबू नका. आधी सांगा, शोध मागाहून.

पुन्हा घडवताना वेगाकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. तो किती महत्त्वाचा असू शकतो हे थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राच्या प्रकरणात दिसलं. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्रामुळे सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणांचा मारा सोसावा लागला, त्यातले काही दगावले. त्यातल्या दोन घटना १९८६ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, टायलर इथल्या केंद्रात घडल्या. स्क्रीनवर उमटलं ते फक्त 'मालफंक्शन ५४', ज्यावरून ऑपरेटरला काहीच बोध होण्यासारखा नव्हता. पहिल्या घटनेनंतर कंपनीच्या इंजिनिअरांनी येऊन यंत्र तपासलं, पण बिघाड त्यांना पुन्हा घडवता आला नाही. दुसऱ्या घटनेनंतर तिथले भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर आणि ती ऑपरेटर यंत्रासमोर बसले आणि तिने नेमकं काय केलं होतं ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. शेवटी उलगडा झाला. तिचा हात सरावाचा होता; चुकून दाबलेलं अक्षर तिने झटकन मागे जाऊन दुरुस्त केलं होतं. यंत्रातली चुंबकं जागेवर यायला साधारण आठ सेकंद लागत आणि तेवढ्या अवधीत केलेला बदल सॉफ्टवेअरला कळतच नसे. सावकाश टाइप करणाऱ्याला तो बिघाड दिसलाच नसता.

म्हणून 'सेव्ह दाबल्यावर लगेच मागे जा', 'पान पूर्ण उघडायच्या आत दोनदा क्लिक करा', 'ॲप दहा मिनिटं तसंच सोडून परत या' अशा गोष्टी पायऱ्यांमध्ये लिहायला कचरू नका. त्या क्षुल्लक वाटतात, पण अनेकदा सगळा बग त्यांच्यातच असतो. आणि बग दिसलेला माणूस दुसरा कोणी असेल, सपोर्टमधला किंवा ग्राहक, तर शक्य तेव्हा त्याच्या शेजारी बसून त्याचे हात बघा. तो तोंडी जे सांगेल त्यात वेग नसतो.

## चॅट, तिकीट की समोरासमोर

अनेक टीममध्ये असा समज असतो की अजाइल (छोट्या छोट्या टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवण्याची पद्धत) म्हणजे लिहायचं नाही, बोलायचं. फेब्रुवारी २००१ मध्ये युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथे सतरा जणांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला तेव्हा चालणाऱ्या सॉफ्टवेअरला भारंभार कागदपत्रांहून जास्त मोल दिलं हे खरं. पण कागदपत्रांना मोल नाही असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही, उलट ते आहे असं स्पष्ट लिहिलं आहे. बगच्या बाबतीत हा फरक फार जाणवतो.

नुसत्या बोलण्यावर राहिलेल्या शंकेचं काय होतं याचं एक उदाहरण मी नव्या टेस्टरना नेहमी सांगते. २३ सप्टेंबर १९९९ रोजी नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोचताना गमावलं गेलं. जमिनीवरच्या सॉफ्टवेअरचा एक भाग यानाच्या इंजिनांच्या रेट्याचे आकडे पाउंड-फोर्स सेकंद या एककात देत होता आणि पुढे ते न्यूटन-सेकंद म्हणून वापरले जात होते. दोन्हींत साधारण ४.४५ पटींचा फरक. पण मार्गाचे आकडे जुळत नाहीत ही शंका दिशादर्शनाचं काम करणाऱ्यांना आधीच आली होती. अशा विसंगती नोंदवण्याची ठरलेली पद्धतही तिथे होती. ती शंका त्या पद्धतीतून पुढे गेली नाही, ईमेल आणि आपापसातल्या बोलण्यातच राहिली, असं चौकशीत दिसून आलं.

माझा स्वतःचा नियम साधा आहे. फीचर अजून डेव्हलपरच्या ब्रांचवर (कोडच्या त्याच्या वेगळ्या प्रतीवर) असेल आणि तो त्यावरच काम करत असेल, तर सरळ जाऊन किंवा कॉल करून दाखवते. संध्याकाळपर्यंत दुरुस्त झालं तर तिकीट काढत नाही. दिवस मावळेपर्यंत झालं नाही, किंवा कोड मुख्य ब्रांचमध्ये गेला असेल, तर तिकीट निघतंच. चॅट मी फक्त लक्ष वेधायला वापरते, आणि तिथल्या प्रत्येक मेसेजमध्ये तीन गोष्टी असतात: तिकिटाची लिंक, एका माणसाचं नाव, आणि त्याच्याकडून कधीपर्यंत काय हवं ते. म्हणजे "कोणीतरी बघा" ऐवजी असं: "समीर, वेळ बदलण्याच्या बगचं तिकीट काढलंय. गुरुवारच्या रिलीजमध्ये हे फीचर आहे, म्हणून आज चारपर्यंत एवढंच सांगशील का, की दुरुस्ती त्याआधी शक्य आहे का?" चारला उत्तर आलं नाही तर मी फोन करते. अंगठ्याचं चिन्ह मी उत्तर मानत नाही.

## तिकीट लिहिताना

शीर्षकावरूनच तिकीट उघडायचं की नाही ते ठरतं, कारण बैठकीत पन्नास तिकिटांची फक्त शीर्षकं वाचली जातात. 'रीशेड्यूल चालत नाही' यातून काही कळत नाही. कुठे, काय केल्यावर, काय होतं, हे एका ओळीत बसवा. माझ्या त्या बगचं तिकीट आज मी असं लिहीन (यातलं स्टेजिंग म्हणजे रिलीजआधी तपासायची जागा, आणि स्टोरी म्हणजे फीचरने काय करायचं त्याचं वर्णन):

शीर्षक: अपॉइंटमेंट त्याच दिवशीच्या दुसऱ्या वेळेला हलवली की जुनी वेळ मोकळी होत नाही
कुठे: स्टेजिंग, बिल्ड ४१२, क्रोमवर आणि अँड्रॉइड ॲपमध्येही
सुरुवातीची स्थिती: साध्या वापरकर्त्याचं टेस्ट अकाउंट, उद्या सकाळी १० ची एक अपॉइंटमेंट आधीच घेतलेली
पायऱ्या: १. 'माझ्या अपॉइंटमेंट' उघडा. २. १० च्या अपॉइंटमेंटवर 'वेळ बदला' दाबा. ३. त्याच दिवशीची ११ ची वेळ निवडून 'नक्की करा' दाबा. ४. दुसऱ्या अकाउंटने त्या दिवसाच्या मोकळ्या वेळा बघा.
काय घडतं: ११ ची वेळ मिळते, पण १० ची वेळही भरलेली दिसते.
काय घडायला हवं: १० ची वेळ इतरांसाठी मोकळी व्हावी, स्टोरीतल्या तिसऱ्या अटीत तसं म्हटलं आहे.
किती वेळा: ५ पैकी ५. दुसऱ्या दिवसावर हलवली तर घडत नाही. बिल्ड ४०९ मध्ये घडत नव्हतं.
परिणाम: त्याच दिवशीची दुसरी वेळ घेणाऱ्या प्रत्येकामागे एक वेळ वाया जाते. वापरकर्त्याला ती स्वतः सोडता येत नाही, ॲडमिनने हाताने काढावी लागते.
सोबत: १८ सेकंदांचं रेकॉर्डिंग, १४:०७ (भारतीय वेळ) च्या सुमाराच्या सर्व्हर लॉगच्या ओळी

यात सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते ती सुरुवातीची स्थिती. पायऱ्या आपण लिहितो, पण अकाउंट कसं होतं, त्यात आधीपासून काय होतं, कोणता फीचर फ्लॅग (फीचर चालू-बंद करायची सोय) चालू होता, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं असतं की लिहायचं राहून जातं. 'रिप्रोड्यूस होत नाही' (पुन्हा घडत नाही) ही निम्मी उत्तरं इथून येतात, असा माझा अनुभव आहे.

'काय घडायला हवं' हे लिहिताना आधार द्या. स्टोरीतली अट, आधीच्या बिल्डमधलं वागणं, त्याच ॲपमधलं दुसरं पान, काहीही चालेल. आधार सापडतच नसेल तर कदाचित तो बग नाही, न ठरलेली गोष्ट आहे. मग तिकिटाऐवजी प्रॉडक्ट ओनरला (काय बनवायचं ते ठरवणाऱ्याला) प्रश्न विचारा.

कारणाबद्दलचा तुमचा अंदाज जरूर लिहा, पण वेगळ्या ओळीत आणि 'अंदाज' असं म्हणून. पाहिलेलं आणि वाटलेलं एकत्र झालं की डेव्हलपर तुमच्या तर्कामागे जातो आणि तास वाया जातात. एका तिकिटात एकच बग ठेवा. दोन असले तर एक दुरुस्त होतो, तिकीट बंद होतं आणि दुसरा तसाच राहतो.

पुराव्याबद्दल थोडं. एररचा मजकूर चित्रात न देता मजकूर म्हणूनच चिकटवा, म्हणजे तो नंतर शोधता येतो. रेकॉर्डिंग अर्ध्या मिनिटाच्या आत ठेवा. लॉगची वेळ देताना टाइमझोन लिहा, कारण सर्व्हर बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतो आणि तुमचं घड्याळ नाही. स्क्रीनशॉटमध्ये खऱ्या माणसाचं नाव, नंबर किंवा पत्ता दिसत असेल तर झाकून टाका. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमधून काढलेल्या एचएआर फाइलमध्ये (ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या देवाणघेवाणीच्या नोंदीत) कुकी आणि टोकन, म्हणजे लॉगिनच्या किल्ल्या, असू शकतात. ते काढल्याशिवाय ती फाइल तिकिटाला जोडू नका, विशेषतः बाहेरच्या पुरवठादारालाही ती तिकिटं दिसत असतील तर.

## किती गंभीर आणि किती तातडीचं

सिव्हिअरिटी म्हणजे नुकसान किती, प्रायॉरिटी म्हणजे दुरुस्ती किती लवकर. पहिलं टेस्टरने सांगायचं, दुसरं प्रॉडक्ट ओनरने ठरवायचं. संमती घेण्याच्या पानावर चुकीची तारीख छापली जात असेल तर कोडच्या दृष्टीने तो किरकोळ बग आहे, पण आजच्या आज सुधारायला हवा. उलट, पाच हजार ओळींची फाइल आयात केली की ॲप बंद पडतं, पण ती सोय अजून कोणालाच दिलेली नाही, तर बग गंभीर असूनही थांबू शकतो.

तातडी दाखवण्यासाठी गांभीर्य फुगवू नका. प्रत्येक तिकीट 'क्रिटिकल' असलं की महिन्याभरात तुमच्या शब्दाला वजन उरत नाही, आणि खरोखरचा क्रिटिकल बग आला की तोही रांगेत उभा राहतो. त्यापेक्षा परिणामाचं वाक्य नीट लिहा: कोणाला, कधी, काय नुकसान, आणि तात्पुरती वाट आहे का. हे वाक्य चांगलं जमलं तर प्राधान्यासाठी भांडावं लागत नाही.

## 'माझ्याकडे तर चालतंय'

हे वाक्य ऐकून चिडायला होतं, मलाही होत असे. पण बहुतेक वेळा समोरचा खरंच सांगत असतो. त्याच्याकडे चालतंय, तुमच्याकडे नाही, म्हणजे दोन्हीकडे काहीतरी वेगळं आहे, आणि ते वेगळेपण शोधणं हाच पुढचा मार्ग.

"माझ्याकडे तर चालतंय गं."
"बरं, मग आपल्या दोघांत फरक काय ते बघू. मी स्टेजिंगवर आहे आणि अकाउंट दोन वर्षं जुनं आहे. तू कोणतं वापरतोयस?"
"मी आत्ताच नवीन बनवलं."
"मग जुन्यावर एकदा करून बघ ना. थांब, मी स्क्रीन शेअर करते."

अकाउंटचं वय, परवानग्या, फीचर फ्लॅग, कॅशे, टाइमझोन, फोनची भाषा, नेटवर्कचा वेग आणि कोणती ब्रांच चालू आहे, या क्रमाने बघत गेलात तर फरक सहसा सापडतो. दहा मिनिटं एकत्र बसून जे होतं ते तिकिटावरच्या वीस कमेंटनी होत नाही. सापडलेला फरक मात्र नंतर तिकिटावर लिहा.

बोलताना वाक्याचा कर्ता बदलला तरी खूप फरक पडतो. "तू वेळ बदलायचं मोडलंस" आणि "बिल्ड ४१२ पासून वेळ बदलल्यावर जुनी वेळ अडकते" यांतलं दुसरं वाक्य जास्त नेमकंही आहे आणि समोरच्याला बचावाला उभं करत नाही. नव्याने रुजू झालेल्या डेव्हलपरच्या बाबतीत मी हे आवर्जून पाळते, आणि शंका असेल तर सगळ्यांसमोर न विचारता आधी त्यालाच विचारते. तुमची समजूत चुकीची निघाली तर तिकिटावर तसं स्पष्ट लिहून ते बंद करा. त्याने विश्वास वाढतो.

स्टँडअपमध्ये (टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीत) बगची गोष्ट सांगत बसू नका. काय अडलंय, कोणाची मदत हवी, एवढं एका वाक्यात. बाकीचं स्टँडअप संपल्यावर त्या दोघा-तिघांत.

## कधी घडणारे, कधी न घडणारे

अधूनमधून दिसणारा बग 'पुन्हा घडत नाही' म्हणून सोडून देऊ नका. तिकीट काढा आणि प्रत्येक वेळी दिसला की तारीख, वेळ, बिल्ड आणि अकाउंट त्यावर टिपत जा. पाच-सहा नोंदी झाल्या की काहीतरी आकार दिसू लागतो: नेहमी मध्यरात्रीनंतर, नेहमी दुसऱ्या सर्व्हरवर, नेहमी दोघं एकदम सेव्ह करताना.

याचीच दुसरी बाजू म्हणजे गोंगाट. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहिला होता. बाजार उघडण्याआधीच त्यांच्या सिस्टिमने एका त्रुटीचा उल्लेख असलेले ९७ ईमेल कर्मचाऱ्यांच्या एका गटाला पाठवले. पण ते इशारा म्हणून रचलेलेच नव्हते, आणि आले तरी सहसा कोणी बघत नसे. बाजार उघडल्यावर साधारण ४५ मिनिटं चुकीच्या ऑर्डर जात राहिल्या. कंपनीचा तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला.

आपल्याकडे हे काम फ्लेकी टेस्ट करतात, म्हणजे कोड तोच असताना कधी पास आणि कधी फेल होणाऱ्या स्वयंचलित टेस्ट. रोज सकाळी तीन टेस्ट लाल दिसत असतील आणि "त्या तशाच असतात" असं सगळे म्हणत असतील, तर चौथी लाल झालेली कोणाच्या लक्षात येणार नाही. अशा टेस्ट वेगळ्या यादीत काढा, प्रत्येकीपुढे एक नाव आणि एक तारीख लिहा, आणि त्या तारखेला ती दुरुस्त करा किंवा काढून टाका. टेस्ट फेल झाल्यावर येणारा मेसेजही माणसाला वाचता येईल असा लिहा. '४ अपेक्षित होते, ३ मिळाले' यातून काही समजत नाही. 'वेळ बदलल्यावर मोकळ्या वेळा ४ हव्या होत्या, ३ आहेत' हे समजतं.

## रिलीजच्या आदल्या दिवशी

"टेस्टिंग झालं का?" या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर देऊ नका. मी चार गोष्टी लिहून देते: काय तपासलं, काय तपासायचं राहिलं, कोणते बग माहीत आहेत, आणि मला स्वतःला धास्ती कशाची आहे. उदाहरणार्थ:

"वेळ बदलणं आणि रद्द करणं वेब आणि अँड्रॉइडवर तपासलं. आयफोनवर फक्त मुख्य मार्ग बघितला, वेळ पुरला नाही. दोन बग उघडे आहेत, दोन्हींना तात्पुरती वाट आहे. मला काळजी आठवणीच्या मेसेजची वाटते, कारण तो कोड काल संध्याकाळी बदलला आणि वेगळ्या टाइमझोनमध्ये तपासलेला नाही. अजून अर्धा दिवस मिळाला तर तेवढंच तपासेन."

रिलीज थांबवायचं की नाही हा निर्णय टेस्टरने एकट्याने घ्यायचा नसतो, आणि त्याचं ओझं एकट्याने वाहायचंही नसतं. मात्र जो निर्णय होईल तो कोणी आणि कोणत्या माहितीवर घेतला हे तिकिटावर लिहून ठेवा. "चालेल, जाऊ दे" हे कॉलवर ठरलं असेल तर कॉल संपताच दोन ओळी टाका: "आत्ताच्या बोलण्याप्रमाणे हा बग घेऊन रिलीज करतोय, दुरुस्ती पुढच्या स्प्रिंटमध्ये. माझ्या समजुतीत चूक असेल तर सांगा." यात कोणाला पकडायचा हेतू नाही. तीन आठवड्यांनी सगळ्यांच्याच आठवणी वेगवेगळ्या झालेल्या असतात.

## दुरुस्त झाल्यावर

'फिक्स्ड' दिसलं की तिकीट बंद करायची घाई नको. दुरुस्ती ज्या बिल्डमध्ये आहे तोच बिल्ड तुमच्यासमोर आहे ना, हे आधी बघा. फुकटचं रीओपन बहुतेक इथेच होतं. मूळ पायऱ्या तशाच्या तशा करा, मग आजूबाजूला फिरा. वेळ बदलणं सुधारलं असेल तर रद्द करणं, दोनदा बदलणं, ॲडमिनने बदलणं बघा.

बग तसाच असेल तर रीओपन करा, पण नव्या पुराव्यासह. नुसतं "अजून होतंय" पुरेसं नाही. मूळ बग गेला आणि दुसरंच काही निघालं तर नवं तिकीट काढून जुन्याला जोडा. 'दुरुस्त करणार नाही' असं ठरलं तर कारण मागून घ्या आणि लिहा. ते पटलं नाही तर एकदा, नव्या माहितीसह, प्रॉडक्ट ओनरसमोर मांडा.

आणि बंद करताना शेवटची कमेंट लिहा. सहा महिन्यांनी हाच बग परत आला तर शोधणारा आधी तीच वाचणार आहे, आणि तो बहुधा आजच्या टीममधला नसेल. माझी अशी असते: "बिल्ड ४१५, स्टेजिंग. मूळ पायऱ्यांनी ५ पैकी ५ वेळा जुनी वेळ मोकळी झाली. रद्द करणं, सलग दोनदा बदलणं आणि ॲडमिनने बदलणं हेही बघितलं, ठीक आहे. आयफोनवर बघितलेलं नाही, त्यासाठी वेगळं तिकीट काढलंय."